धीर देणाऱ्याला धीर कोण देणार?

लंडनला आलो तेव्हा माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट एलिफंट अँड कॅसल भागात होतं. स्टेशनबाहेर पडलं की समोरच मोठाले खांब असलेलं एक जुनं चर्च दिसतं. वर्षभर रोज त्याच्यासमोरून गेलो, पण चौकशी कधी केली नाही. प्रोजेक्टच्या शेवटी रात्री-अपरात्री सपोर्टचे फोन घेऊन मी पार थकून गेलो होतो, तेव्हा एका सहकाऱ्याने त्या चर्चच्या पाद्रींची गोष्ट सांगितली. त्याचे वडीलही पाद्री, त्यामुळे त्याला हा विषय घरचाच. मग मीही वाचायला लागलो. त्या पाद्रींचं नाव चार्ल्स स्पर्जन.

स्पर्जन यांचा जन्म १९ जून १८३४ रोजी एसेक्समधल्या केल्व्हेडन गावी झाला. वडील आणि आजोबा दोघेही धर्मोपदेशक, म्हणजे आपल्याकडच्या कीर्तनकारांच्या घराण्यासारखंच म्हणा ना! सतराव्या वर्षी ते केंब्रिजजवळच्या वॉटरबीच या खेड्यात पाद्री झाले. १८५४ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट चॅपलने त्यांना बोलावून घेतलं. कॉलेजची पदवी नव्हती, पण वाणी अशी की ऐकणाऱ्यांना जागा पुरेना.

म्हणून सरे गार्डन्समधला म्युझिक हॉल घेतला. १९ ऑक्टोबर १८५६ ची ती संध्याकाळ. हॉल खचाखच भरलेला, बाहेरही हजारो लोक. मध्येच कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत सात जण मेले, कितीतरी जखमी झाले. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. घरी जुळी मुलं, जेमतेम महिन्याची. त्यात वर्तमानपत्रांनी त्यांच्यावरच टीकेची झोड उठवली. माणूस कोलमडलाच. मित्रांनी त्यांना क्रॉयडनला नेलं, जपलं. दोन आठवड्यांनी ते पुन्हा प्रवचनाला उभे राहिले, पण त्या रात्रीने त्यांची पाठ कायमची सोडली नाही.

१८६१ मध्ये मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल बांधून झालं, तेच हे स्टेशनसमोरचं चर्च. मूळ इमारतीत पाच-सहा हजार माणसं बसत आणि स्पर्जन माइकशिवाय बोलत. शिवाय दर आठवड्याला प्रवचन छापायला द्यायचं, मासिक चालवायचं, स्टॉकवेलचं अनाथाश्रम बघायचं आणि पत्रांचा ढीग उपसायचा. त्यात संधिवाताच्या वेदना आणि मधूनमधून येणारं गडद नैराश्य. बर्नआउट हा शब्द तेव्हा नव्हता, अनुभव मात्र होता.

मला भावलं ते पुढचं. त्यांनी हे लपवलं नाही. १८५६ पासूनच ते तरुण पाद्रींसाठी कॉलेज चालवत होते. तिथे दर शुक्रवारी दुपारी ते विद्यार्थ्यांशी बोलत. त्यातलं एक अख्खं व्याख्यान पाद्रींच्या खचण्यावर आहे. खचणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं असं नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आजार, बैठं काम, पदाचा एकटेपणा, जवळच्यांनी केलेला घात अशी कारणं मांडली. मोठ्या यशानंतरही माणूस ढासळतो, हेही सांगितलं. उपाय साधे होते: सुट्टी घ्या, रानात फिरा, समुद्रावर जा. विश्रांती म्हणजे आळस नव्हे. आमच्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हरला ठरवून डाउनटाइम दिला नाही, तर तो त्याच्या सोयीने बंद पडतो!

ही व्याख्यानं १८७५ साली पुस्तकरूपाने आली. पत्नी सुझॅना आजारपणामुळे बहुतेक घरातच असत. छपाईची प्रुफं वाचून त्यांना वाटलं, हे पुस्तक प्रत्येक पाद्रीच्या हाती पडायला हवं. घरात साठवलेली नाणी मोजली, तर शंभर प्रतींचे पैसे निघाले. त्यांनी त्या वाटल्या. उत्तरादाखल आलेल्या पत्रांतून कळलं की खेड्यापाड्यांतल्या कित्येक पाद्रींना वर्षानुवर्षं नवं पुस्तक घेणं परवडलेलं नाही. त्यातून त्यांचा पुस्तक निधी उभा राहिला. १९०३ साली त्या गेल्या, तोवर सुमारे दोन लाख पुस्तकं गरीब पाद्रींपर्यंत पोहोचली होती. स्वतः घराबाहेर न पडू शकणाऱ्या बाईने केलेलं हे काम!

स्पर्जन यांची अखेर मात्र सोपी नव्हती. तत्त्वांवरून वाद झाला आणि १८८७ मध्ये ते बाप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडले. जुने मित्र, जुने विद्यार्थीही दुरावले. थंडीत ते फ्रान्समधल्या मेंतॉनला जात. तिथेच ३१ जानेवारी १८९२ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

सहकाऱ्याला मी विचारलं, तुझ्या वडिलांची विचारपूस कोण करतं? तो गप्पच झाला. त्या रात्री त्याने घरी फोन केला, हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आपल्यातही अशी माणसं असतात. गणपतीत घरोघर पूजा सांगत फिरणारे गुरुजी, कुणी आजारी पडलं की पहिला फोन ज्यांना जातो ते काका, मंडळाचा हॉल रात्री झाडून घरी जाणारी ताई. ते कसे आहेत, हे आपण सहसा विचारत नाही. या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जाऊ या. काम न सांगता, नुसतं बसायला.

शुभ दीपावली!