खराटेवाले बाबा

गोष्ट सबमिशनच्या रात्रीची. मॅगी खाल्ली आणि रिकामं पाकीट विंगमध्येच भिरकावलं. डस्टबिन दहा पावलांवर होता! सकाळी झाडणाऱ्या मामांनी वाकून ते उचललं आणि मला विचारलं, झोप झाली का? मला त्यांच्याकडे बघवेना. शाळेत वाचलेले गाडगेबाबा आठवले.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव. जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. मामाकडे राहून डेबूजीने गुरं राखली, शेती केली. शाळा काही नशिबात नव्हती. 1905 मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, जवळ खापराचं गाडगं आणि हातात खराटा. गाडग्यावरून लोकांनीच नाव पाडलं.

त्यांची रीत ठरलेली. गावात शिरलं की आधी रस्ते, गटारं साफ करायची आणि रात्री कीर्तन. देवासाठी कर्ज काढू नका, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका, पोरांना शिकवा, हे ते साध्या वऱ्हाडीत सांगत. समोरच्यांनाच प्रश्न विचारून उत्तर वदवून घेत. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःजवळ मात्र तेच गाडगं. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले. 2000 पासून राज्यात त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे.

मला वाटतं, बाबांचा खराटा आणि शिवाशिवीविरुद्धचं कीर्तन या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. पाकीट टाकताना मी मनात काय धरून चाललो होतो? की हे उचलणारा कुणीतरी आहे आणि तो मी नाही. उचलणं हे त्याचं काम, टाकणं हा माझा हक्क! डिस्टिंक्शन मिळवणाऱ्या माझ्या डोक्यात ही उतरंड कधी येऊन बसली, कळलंच नाही. न शिकलेल्या बाबांनी ती स्वतः झाडून मोडली.

रविवारी मामांकडून झाडू मागून घेतला. ते आधी देईनातच. अर्धी विंग झाडेपर्यंत माझी कंबर धरली. बाबांनी हेच पन्नास वर्षं केलं. मामा तर रोज करतात, तिन्ही मजले.