ओळख संशोधकांची : थॉमस मिजली

या सदरात आम्ही बहुधा अशा माणसांविषयी लिहितो ज्यांच्या पावलावर पाऊल ठेवून चालावे. या वेळचे संशोधक थोडे निराळे आहेत. त्यांची चिकाटी घ्यावी आणि त्यांची एक चूक मात्र कायम लक्षात ठेवावी, म्हणून ही ओळख.

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडीलही संशोधक वृत्तीचे होते. १९११ साली मिजली कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. १९१६ पासून ते डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करू लागले. हँडल न मारता मोटार सुरू करणारा विजेचा स्टार्टर तयार करणारे ते हेच केटरिंग.

त्या काळी मोटारींना एक दुखणे जडले होते. चढावर जोर लागला की इंजिनातून खणखण आवाज येई, ताकद कमी होई आणि कधी कधी दट्ट्याही फुटे. यालाच नॉकिंग म्हणतात. काही जण त्याचा दोष केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनला देत. खरे कारण शोधण्याचे काम मिजलींकडे आले.

हे समजण्यासाठी आधी इंजिन कसे चालते ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते. दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या थोडे आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, कारण ज्योत पसरायला वेळ लागतो. ठिणगी किती अंश आधी पडावी, याला टायमिंग म्हणतात. सिलिंडरमधला दाब नोंदवून मिजलींनी दाखवले, की नॉकिंग ठिणगीच्या आधी होत नाही, नंतर होते. ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

ठिणगी थोडी उशिरा टाकली, म्हणजे टायमिंग मागे घेतले, की आवाज थांबतो. पण फार मागे घेतले तर ताकदही जाते. इंजिन अधिक जोरदार करायचे तर इंधनच सुधारायला हवे होते. मिजलींनी कितीतरी पदार्थ एकामागून एक तपासले. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग हाती लागले. ते अगदी थोडे घातले तरी नॉकिंग थांबे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनला असे पेट्रोल विकायला सुरुवात झाली.

शिसे विषारी असते, हे तेव्हाही ठाऊक होते. अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग कमी होते, हेही मिजलींना माहीत होते. पण अल्कोहोल पुष्कळ घालावे लागे आणि त्यावर कोणा एका कंपनीची मक्तेदारी चालण्यासारखी नव्हती. १९२३ साली खुद्द मिजलींनाच शिशाची बाधा झाली आणि त्यांना विश्रांतीसाठी फ्लोरिडात जावे लागले. पुढच्याच वर्षी हे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार दगावले. न्यू जर्सीतील एका कारखान्यात तर ऑक्टोबर १९२४ मध्ये पाच जण गेले. तेव्हा मिजलींनी वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातावर ओतून आणि हुंगून ते निर्धोक असल्याचे दाखवले. काही काळ विक्री थांबली, पण १९२६ साली ती पुन्हा सुरू झाली.

पुढे त्यांनी फ्रिजसाठी फ्रिऑन हा न पेटणारा वायू शोधला. त्या जातीचे वायू ओझोनच्या थराला घातक असल्याचे १९७४ नंतर उघड झाले. १९४० साली मिजलींना पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची एक योजना स्वतःच तयार केली होती. त्याच दोऱ्यांत अडकून २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

मोटारींच्या धुरातले शिसे मात्र पिढ्यान् पिढ्या हवेत जात राहिले. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि अल्जीरियात, सर्वांत शेवटी, २०२१ साली.

मग आज नॉकिंगवर उपाय काय? इंधन शुद्धीकरणात सुधारणा झाली आणि ठिणगीची वेळ संगणक सांभाळू लागला. टर्बोमुळे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते, म्हणून नॉकिंगचा धोका वाढतो. शर्यतीच्या मैदानावर काही जण त्यात भर म्हणून नायट्रस ऑक्साइडही सोडतात. तापल्यावर त्यातून जादा ऑक्सिजन मिळतो, सोबत जादा पेट्रोल द्यावे लागते आणि ज्योत वेगाने पसरते. ठिणगी पूर्वीच्याच वेळी पडली तर दाब फार लवकर चढतो आणि दट्ट्याला भोक पडू शकते. म्हणून जाणकार टायमिंग मागे घेतात. दर ५० अश्वशक्तीमागे साधारण २ अंश, असा त्यांचा ढोबळ हिशेब असतो. टर्बो असेल तर याहूनही जपून. आवाज ऐकणारा नॉक सेन्सर आता साध्या गाड्यांतही असतो आणि गरज पडली की तो संगणकाला ठिणगी उशिरा टाकायला लावतो.

मिजली बुद्धीत कमी नव्हते. समोरचा प्रश्न त्यांनी सोडवला, पण त्या उत्तराची किंमत कोण मोजणार हे विचारले नाही, आणि खुणा दिसल्या तेव्हा त्यांकडे पाठ फिरवली. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प करताना आमच्या विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर एवढा एक प्रश्न जरूर लिहून ठेवावा : हे काम साधले, तर त्याचा त्रास कोणाला होईल?