हिंदुस्थानभर तार ओढणारा डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी तार पाहिली असेल असे वाटत नाही. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. पण घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. तारवाला दारात उभा राहिला की कागद उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई, कारण वाईट बातमीवाचून तार कोण करणार? ही तार ज्याने या देशात प्रथम ओढली तो इंजिनियर नव्हता, डॉक्टर होता. त्याचे नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

आयर्लंडमधील लिमरिक येथे १८०९ साली त्याचा जन्म झाला. १८२९ मध्ये एडिंबरो येथे तो डॉक्टर झाला. दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची साथ आली. ओशॉनेसीने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार निघून जातात हे दाखवून दिले. १८३२ मध्ये थॉमस लाटा या डॉक्टरने त्यावरूनच शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन पाहिले. आज आपल्याकडे हगवणीने गळालेल्या रोग्याला सलाइन लावतात, त्याचे मूळ तेथे आहे. एवढ्या एका कामावर एखादा आयुष्यभर सुखाने बसला असता!

हा मात्र १८३३ मध्ये कंपनी सरकारचा डॉक्टर म्हणून कलकत्त्यास आला आणि पुढे तेथील नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. १८३९ मध्ये त्याने वनस्पती उद्यानात बांबू रोवून, त्याच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे २१ मैल तार फिरवली. त्यातील काही भाग नदीच्या पाण्यातून नेला. खुणा ओळखण्याची त्याची एक रीत तर अशी होती की घेणाऱ्याने तारेवर बोट ठेवायचे आणि बसणारे झटके मोजायचे.

आता यातील अडचण समजून घ्या. एका तारेतून सगळा मजकूर एकदम जात नाही. एकेक खूण एकामागून एक पाठवावी लागते. तार जितकी लांब तितका तिचा विरोध जास्त, म्हणून विजेचा प्रवाह क्षीण होत जातो. त्यात पावसाळ्यात ओल्या खांबांवाटे वीज जमिनीत झिरपते. शाळेतील संगणकाला जोडायची जुन्या आरएस-२३२ पद्धतीची केबलसुद्धा पन्नासेक फुटांपुढे भरवशाची मानत नाहीत. मग शेकडो मैलांचे काय?

सरकारने दहा वर्षे या प्रयोगाकडे पाहिलेच नाही. पुढे डलहौसी गव्हर्नर जनरल झाला आणि कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार टाकण्याची परवानगी मिळाली. ओशॉनेसीने बारीक तारेऐवजी लोखंडाची जाड सळई घेतली. जमिनीखालून नेताना तिच्यावर डांबरात भिजवलेले मद्रासी कापड गुंडाळले, ती कौलांच्या पन्हाळीत ठेवली आणि वर वितळलेली राळ व वाळू ओतली. उंचावरून नेतानाही सळई जाडच. जाडीमुळे विरोध कमी होई आणि वर माकडे झोंबली तरी ती तुटत नसे. यंत्रेही त्याने साधी केली. एक सुई डावीकडे-उजवीकडे हले, तीवरून अक्षर ओळखायचे. असे यंत्र इथल्या कारागिरालाही करता येई. विलायतेची नक्कल न करता इथला पाऊस, इथली माकडे आणि इथला मिस्त्री पाहून त्याने तार बांधली, यातच मला त्याची खरी बुद्धी दिसते.

१८५१ मध्ये डायमंड हार्बरहून पहिली खूण पाठवली ती शिवचंद्र नंदी या बंगाली तरुणाने. कलकत्त्याच्या टांकसाळीत ओशॉनेसीच्या हाताखाली काम करणारा हा माणूस इंजिनियरिंगच्या कोणत्याही कॉलेजात गेलेला नव्हता. ओशॉनेसीने त्याला शिकवले आणि तारेची देखरेख त्याच्यावर सोपवली. पालकहो, मुलाला पुस्तकाबरोबर हत्यारही हातात धरू द्या, असे मी म्हणतो ते अशा उदाहरणांवरून.

१८५२ मध्ये इंग्रजांनी रंगून घेतल्याची बातमी या तारेने जहाजाआधी कलकत्त्यास पोचवली आणि सरकारला तारेची किंमत कळली. त्याच रंगूनला सहा वर्षांनी बादशहा बहादुरशहा जफर यांना कैदी म्हणून नेण्यात आले, हेही आपण विसरू नये.

नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठे काम सुरू झाले. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास, म्हणजे ८०० मैलांवर, पहिला संदेश गेला. तो एका दमात जात नसे. मधल्या कचेरीतला माणूस खुणा पाहून, लिहून पुढे पाठवी, आणि त्याची एक चूक पुढच्या सगळ्यांची होई. आग्र्याहून इंदूरमार्गे मुंबई आणि तेथून पुण्यावरून मद्रास, अशीही तार लवकरच जोडली गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नंदींनी मिर्झापूर ते सिवनी तार टाकली. सिवनीहून नागपूर, पांढरकवडा, आदिलाबाद असा हमरस्ता आज आपल्या झरी जामणीच्या शेजारून जातो, यावरून अंतराची कल्पना करा.

ही तार आपल्या भल्यासाठी आली असे मात्र समजू नका. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारकचेरीतून अंबाल्यास उठावाची सूचना गेली आणि इंग्रज सावध झाले. उठाववाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या त्या उगाच नव्हे.

ओशॉनेसीला १८५६ मध्ये सर ही पदवी मिळाली. मायदेशी परतल्यावर त्याने आपले आडनाव बदलून ब्रूक केले. तो १८८९ मध्ये वारला. इकडे नंदींना पद्मा नदीखालून सुमारे सात मैल तार टाकायची होती. त्यांनी आगबोटीची वाट न पाहता कोळ्यांच्या होड्या भाड्याने घेतल्या आणि काम पुरे केले. खांब मिळेनात तेव्हा ताडाची खोडे उभी केली. १८८३ मध्ये त्यांना रायबहादूर किताब मिळाला. कलकत्त्यात त्यांच्या नावाची एक गल्ली आहे.