दादासाहेब गायकवाड : काळारामाच्या दारापासून पडीक रानापर्यंत

१३ ऑक्टोबरला आपल्याला येवला आठवतो, १४ ला दीक्षाभूमी. १५ ऑक्टोबर उजाडेपर्यंत आपण थकलेले असतो. त्या दिवशी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची जयंती असते. पुतळ्याला हार पडतो, मोबाईलवर फोटो फिरतो आणि फोटोखाली काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या दोन ओळी असतात. त्या ओळी खऱ्याच आहेत. पण ज्या लढ्यात चळवळीच्या नोंदीनुसार तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, तो भूमिहीनांचा सत्याग्रह त्या फोटोखाली सहसा नसतो. आज आम्ही त्याबद्दलच लिहिणार आहोत.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. महाराच्या पोराने जमिनीचा प्रश्न पुस्तकातून शिकावा अशी त्या काळी गरजच नव्हती. घरात वतन असे. वतन म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, तोही पिढ्यान् पिढ्या भाऊबंदांत वाटून चिंधी झालेला. त्याच्या बदल्यात सरकारचे आणि गावाचे काम करायचे: सांगावे पोहोचवणे, सारा भरायला लोकांना बोलावणे, अंमलदारापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे. कामाला वेळ नाही आणि मोजमापही नाही. वर त्याच जमिनीवर सरकारला जुडी भरायची. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याच कारणाने. त्यांना वतनात गुलामगिरीचे दावे दिसत होते. गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र तो तुकडा सुटेल या भीतीने झोप लागत नव्हती. दोघांचेही खरे होते, आणि दादासाहेब या दोन्ही गोष्टी जवळून पाहत वाढले.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. दगड, काठ्या, रथाच्या वेळची मारामारी हे सगळे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. भाषणात कमी येते ती नाशिकच्या आसपासच्या खेड्यांची गोष्ट. सत्याग्रहाला जाऊन आलेल्या माणसाला गावात काम मिळेना. वाटा बंद झाल्या, पोरांना शाळेत त्रास झाला. ज्याच्या बांधावर मजुरीला जायचे, त्याच्याच देवळाचे दार उघडायला सांगायचे, असा तो पेच होता. शहरातल्या माणसाला देऊळ बंद राहिले तर अपमान होतो, खेड्यातल्या मजुराची त्याच्या जोडीने चूलही बंद पडते. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा नाद सोडून शिक्षण आणि राजकारणावर ताकद लावायला सांगितले, त्यामागे इतर कारणे होतीच. तरी गावागावांतले हे हाल दादासाहेब विसरले नसावेत असे त्यांचे पुढचे आयुष्य पाहून आम्हाला वाटते.

१९३५ ची येवल्याची परिषद त्यांच्याच जिल्ह्यात झाली. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात कुणबी होते, महार होते, कम्युनिस्टही होते. आपल्या चळवळीला फक्त जातीचा प्रश्न कळतो म्हणणाऱ्यांना हा मोर्चा दाखवावा. १९१८ मध्येच बाबासाहेबांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर निबंध लिहून ठेवला होता. शेतावर माणसे जादा आहेत आणि भांडवल अपुरे आहे, तेव्हा उद्योग वाढवून ही जादा माणसे शेतीतून बाहेर काढली पाहिजेत, असा त्याचा रोख होता. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी अशी योजना मांडली. संविधानात ती आली नाही.

त्याऐवजी आपल्याकडे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कृषकदिन ठरला आणि कूळ म्हणून नाव असलेला माणूस जमिनीचा मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला. हा कायदा चांगलाच होता. पण तो कागदावरचे नाव पाहत होता. सालगड्याचे नाव कुठल्या कागदावर असणार? रोजंदारीवर खुरपणी करणाऱ्या बाईचे? जो कसतो त्याला जमीन मिळाली, ज्याला कसायला तुकडाच नव्हता त्याच्याविषयी कायदा गप्प राहिला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनेही गेली. जमीन परत मिळण्यासाठी सरकारात रक्कम भरायची होती आणि मिळाली तरी ती अटींसह.

दादासाहेब १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. बाबासाहेब जाऊन वर्षही झाले नव्हते. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्या पक्षाचे खेड्यात काम काय, याचे दादासाहेबांनी दिलेले उत्तर म्हणजे १९५९ चा सत्याग्रह. मराठवाड्यात १९५३ मध्ये पडीक जमिनीसाठी असा लढा झालेला होता. आता खानदेश आणि मराठवाड्यात माणसे सरकारी पडीक, गायरान, वनजमिनीवर उतरली. मागणी साधी होती: सरकारची जमीन पडून आहे, आमचे हात रिकामे आहेत, ती आम्हाला कसायला द्या. बौद्ध होते, आदिवासी होते, इतर जातींचे भूमिहीनही होते. नव्याने धम्म घेतलेल्यांनी आपला लढा आपल्यापुरता ठेवला नाही.

याच सुमारास पक्ष फुटला. बी. सी. कांबळे यांच्या बाजूचे लोक स्वतःला दुरुस्त म्हणवू लागले आणि दादासाहेबांचा गट नादुरुस्त ठरला. घटनेच्या मार्गाने जायचे की रस्त्यावर उतरायचे, कम्युनिस्टांच्या शेजारी उभे राहायचे की नाही, असे वादाचे मुद्दे होते. पण त्याखाली शिकलेला शहरी कार्यकर्ता आणि खेड्यातला धोतरवाला यांच्यातली दरीही होती, असे आमचे मत आहे. ती दरी आज बुजली आहे का, हे प्रत्येक शाखेने आपल्या बैठकीत कोण बसते ते पाहून ठरवावे.

१९६४ उजाडले ते महागाई घेऊन. देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेचा गहू बोटीने येत होता. त्या साली पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा १९४८ चा कायदा पुरता राबवा, धान्याचे भाव आटोक्यात आणा, झोपडपट्टीवाल्यांचे हाल थांबवा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या मागण्या होत्या. आणि ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला.

तो फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. महाराष्ट्राबाहेर उत्तर प्रदेश, पंजाबातही माणसे निघाली. तुरुंग भरले. बाया कडेवरची पोरे घेऊन आत गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी या लढ्यात होत्या, दादासाहेबांच्या पत्नी गीताबाईही होत्या. यातल्या बहुतेक बायांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. हातावर पोट असलेला माणूस दोन आठवडे तुरुंगात जातो, तेव्हा घरी काय शिजते याचा विचार करा, म्हणजे या सत्याग्रहाचे वजन कळेल. अखेर सरकारने आश्वासने दिली आणि लढा थांबला. काही ठिकाणी जमिनी वाटल्या गेल्या. मागणी केलेल्या प्रमाणात त्या कधीच मिळाल्या नाहीत.

दादासाहेबांची सगळीच पावले आम्हाला पटतात असे नाही. १९६७ मध्ये त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. सत्तेत शिरून गावच्या पातळीवर काही पदरात पडेल असा त्यांचा हिशेब असावा. पक्षाची धार मात्र त्यानंतर बोथट झाली आणि पुढच्या नेत्यांना त्या वाटेची सवय लागली. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

सनदेतल्या दोन मागण्या देशपातळीवर १९९० साली पूर्ण झाल्या. बाबासाहेबांचे तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागले आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्याबद्दल आपण जल्लोष केला, आणि तो योग्यच होता. जमिनीची मागणी तशीच राहिली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या माणसांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर होते, स्वतःची शेती करणारे १५ टक्क्यांच्या आसपास.

महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण आणि स्वाभिमान योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची. जमीन सरकारने विकत घ्यायची आणि मग वाटायची. गावात आपल्या माणसाला जमीन विकायला, तीही सरकारी दराने, कोण पुढे येतो हे खेड्यातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

दुसरीकडे गायरानावर ज्यांनी दोन-तीन पिढ्या नांगर धरला, त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेलेली नाही. १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी दलित-आदिवासींची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याची सोय केली. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मर्यादा आहे. त्याआधी आपण जमीन कसत होतो हे सिद्ध करावे लागते, आणि पुरावा म्हणजे कागद. गावात असाल तर तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई मागा, त्यात अतिक्रमणांची नोंद असते. घरातल्या पत्र्याच्या पेटीत दंडाच्या जुन्या पावत्या, पंचनामे, आजोबा-आजीच्या तुरुंगवासाचा एखादा कागद असेल तर तो जपून ठेवा आणि त्याचा फोटो काढून दोघातिघांकडे द्या. १५ ऑक्टोबरच्या कार्यक्रमात पुतळ्याला हार घालून झाला की तासभर याच कामाला बसता येईल.