दादोबा पांडुरंग : मराठीचे पाणिनी

आपला निबंध चारचौघांत वाचायचा म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा उठतो. तांबड्या शाईची रेघ वहीत झाकता येते. सर्वांसमोर निघालेली चूक झाकता येत नाही. पण मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे लेखन आयुष्यभर असे चारचौघांतच राहिले.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. १८३६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे ते शिक्षणाच्या कामात रमले. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा स्थापन झाली. सभासदाने निबंध लिहून आणावा, सभेत वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा तेथील परिपाठ. तिचीच मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्षपद दादोबांकडे आले. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघू लागले, आणि सभेतले निबंध बाहेरच्या वाचकांपुढेही आले.

दुसऱ्यांच्या लेखनाची चर्चा घडविणाऱ्या दादोबांनी स्वतःच्या ग्रंथाला मात्र सूट दिली नाही. १८५० साली त्यांनी व्याकरणाची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती काढली. पुढे ते आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर झाले, तरी व्याकरण सुटले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तून त्यांच्या मतांची जाहीर चिकित्सा केली. ती शिक्षकांच्या हाती जाणाऱ्या मासिकात होती. म्हणजे ज्यांना दादोबांनी व्याकरण शिकविले, त्यांच्यासमोरच! मोठ्या माणसाला हे सोसणे सोपे नसते. तरीही १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या मोठ्या व्याकरणाला 'पूरणिका' जोडली. दुसऱ्याच वर्षी ते निवर्तले. पहिल्या छपाईपासून पंचेचाळीस वर्षे ग्रंथ त्यांच्या लेखी अपुराच होता.

माझ्या घरी माझे लिहिलेले वाचून चूक दाखवील असे कुणी नाही. आईला माझे अक्षर नुसते सुंदर दिसते. म्हणून वर्गात मित्राने आणि सरांनी काढलेली चूक हीच माझी शिदोरी. मित्रहो, पुढच्या अंकाचे लेख छापायला देण्याआधी आपण ते एकमेकांसमोर वाचू या. व्याकरण लिहिणाऱ्यालाच जर दुरुस्तीची लाज वाटली नाही, तर ते शिकणाऱ्यांना का वाटावी?