साहेबमामा फत्तेलाल

शेख फत्तेलाल ऊर्फ साहेबमामा हे मराठी चित्रपटसृष्टीतील कलादिग्दर्शक, दिग्दर्शक आणि प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक होते. त्यांचा जन्म कोल्हापूर संस्थानातील कागल येथे झाला.

मूकपटांचा काळ

चित्रकलेचे धडे त्यांनी कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंकडे घेतले. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला. या कंपनीत फत्तेलाल यांनी नेपथ्य व छायालेखनाची कामे केली. येथेच विष्णुपंत दामले यांच्याशी त्यांची जोडी जमली. दोघांनी मिळून १९२८ साली 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला.

प्रभातचे बोधचिन्ह

१ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. कलाविभाग फत्तेलाल यांच्याकडे होता. पहाटेची वर्दी देणारी, तुतारी फुंकणारी स्त्री हे कंपनीचे बोधचिन्ह होते.

मूकपटांच्या काळात बोधचिन्ह हा मालकीचा पुरावाही असे. चोरून काढलेल्या प्रती ओळखता याव्यात म्हणून फ्रान्समधील पाथे कंपनी आपले कोंबड्याचे चिन्ह नेपथ्यातच लावीत असे. ध्वनी आल्यावर ही चिन्हे बोलकी झाली. अमेरिकेतील मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या सिंहाची डरकाळी १९२८ साली प्रथम ऐकू आली. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. बोलपटांच्या युगात प्रभातच्या चिन्हाला तुतारीच्या सुरांची जोड मिळाली आणि चित्राइतकेच ते सूरही प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले.

दिग्दर्शन व अखेरचा काळ

१९३३ साली कंपनी पुण्यास आली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात गौरव झाला. वारकरी संतांचे चरित्र पडद्यावर साकारणाऱ्या या जोडीतील एक दिग्दर्शक मुस्लिम होते, ही बाब उल्लेखनीय ठरते. 'गोपाळकृष्ण' (१९३८) व 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हे याच जोडीचे चित्रपट होत.

१९४५ साली दामले यांचे निधन झाले आणि पुढील दशकात प्रभातही बंद पडली. फत्तेलाल यांनी १९५५ साली 'जगद्‌गुरू शंकराचार्य' हा चित्रपट दिग्दर्शित केला. १९६० साली प्रभातच्या पुण्यातील वास्तूत चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९६४ साली फत्तेलाल यांचे निधन झाले.