पुस्तकांची पेटी खेड्यात धाडणारा राजा

माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. म्हणूनच बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड मला फार जवळचे वाटतात.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली शेतकरी कुटुंबात ते जन्मले. १८७५ साली बडोद्यास दत्तक गेले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे याच राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेले विसरते. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे जाणते ग्रंथपाल बोलावले, राजवाड्यातील स्वतःची पुस्तके लोकांसाठी दिली, बायकामुलांच्या वाचनाची निराळी सोय केली आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या धाडल्या. गावाने वर्गणी जमवली की सरकार तेवढीच भर घाली. त्यामुळे ग्रंथालय गावाचे स्वतःचे होई.

१९३९ साली महाराज निवर्तले. आपल्या नया नगरात पेटी धाडणारा राजा नाही. पण घरोघरची वाचून झालेली पुस्तके मंडळाच्या एका कपाटात जमवणे आपल्या हाती आहे. शाळा लवकर सुटलेल्या आपल्यासारख्या बायकांचे शिक्षण त्याने चालू राहील. या वर्धापनदिनी एवढे ठरवूया, ही विनंती.